कोण, कोणाला, केव्हा

"अर्थ नको, सिस्टर. वाक्य सांगा."

अण्णांचा डावा हात सलाइनसाठी सरळ बांधून ठेवला होता. उजव्या हाताने त्यांनी सिस्टर अलेयम्माच्या ट्रेची कड धरून ठेवली होती, तिला जाता येऊ नये म्हणून.

"सांगितलं ना, अप्पच्चा. आमच्यात, मल्याळममध्ये, अवकाशम म्हणजे हक्क. झालं."

"ते कोशात आहे. तुम्ही स्वतः कधी म्हणालात? कोणाला म्हणालात?"

"ड्यूटीवर मी एकच बोलते, हात हलवू नका. ते पण कोणी ऐकत नाही."

"आणि ड्यूटी नसताना?"

"ड्यूटी नसताना झोपते."

पडद्यापलीकडे नीलव्वा खुदकन हसली. खोलीत दोनच खाटा होत्या, मध्ये हिरवा पडदा. पलीकडच्या खाटेवर तिचा नवरा शिवबसप्पा असायचा. अथणीकडच्या एका खेड्यात त्याची पिठाची गिरणी होती. तो पोटातल्या गाठीसाठी आला होता आणि अण्णा पित्तनलिकेतल्या गाठीसाठी. म्हणून नीलव्वाने पहिल्याच दिवशी आम्हाला नात्यात घेतलं होतं.

"अण्णा, सोडा त्यांना. कामं असतात," मी म्हणाले.

"मलाही काम आहे," अण्णा म्हणाले, पण ट्रे सोडला.

सिस्टर जाता जाता माझ्याकडे बघून, लेकीला हाक मारावी तसं म्हणाली, "मोळे, तुझे वडील पोलिसात होते काय?"

ते पोलिसात नव्हते. ते पुण्यात एका कोश कार्यालयात नोकरीला होते. कार्यालय बंद पडलं तेव्हा आईला घेऊन मिरजेला परतले आणि एकट्यानेच एक काम करत बसले. एकच संस्कृत शब्द देशभर कोणाकोणाच्या घरी राहायला गेला आणि तिथे कसा वागू लागला, हे त्यांना गोळा करायचं होतं. शब्दाचा अर्थ लिहायला त्यांची हरकत नसे, पण त्यावर विश्वास नसे. वाक्य हवं. ते कोणीतरी खरोखर बोललेलं हवं. प्रत्येक वाक्याचं एक कार्ड, आणि वाक्याखाली तीन गोष्टी: कोण, कोणाला, केव्हा. मनाने रचलेलं चालत नसे, पुस्तकातलं तर मुळीच नाही. "लिहिताना माणूस आरशात बघत असतो," असं ते म्हणत. मी कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे हे मला दरवेळी लागायचं.

लोक भांडत असले तरी ते मध्येच "थांबा, हे परत म्हणा" असं म्हणायचे. आई म्हणायची, "मी मेले तरी हे विचारतील, शेवटचं वाक्य कोणाला उद्देशून होतं?" आई गेली तेव्हा मात्र त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

इस्पितळात आले तेव्हा 'अवकाश' हा शब्द चालू होता. त्यांच्या कामाचा आणखी एक नियम होता, घरचं शेवटी. बाकी सगळ्या भाषा झाल्यावर मराठी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्या भाषेत आपण ऐकतच नाही, नुसतं समजतो."

त्या दुपारी डॉक्टर पाटगावकरांनी मला बाहेर बोलावलं. ते हळू बोलणारे गृहस्थ होते. मुंबईला नेलं तर मोठं ऑपरेशन करता येईल, म्हणाले. वय पाहता जोखीम फार आहे. पार पडलं तर वर्ष, कदाचित दीड. नाही केलं तर थोडे महिने, किंवा आठवडे.

"ते काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी जाऊ म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मुंबईला जायलाच हवं," मी म्हणाले.

"सोमवारी मला सांगा. तिकडे चिठ्ठी द्यावी लागेल."

मी खोलीत आले. अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, अंगाला खाज सुटली होती आणि ते एका कंगव्याने पाय खाजवत होते. "काय म्हणाले?" असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तो एक्स-रेवाला तिवारी आला होता. त्याला हिंदी अवकाश विचारला."

"मग?"

"म्हणे, 'आज अवकाश है.' मी विचारलं, हे कोण कोणाला म्हणालं? तर म्हणे, शाळेच्या दारावर बोर्ड असतो. मी म्हटलं, अरे, तुला स्वतःला रजा हवी असते तेव्हा काय म्हणतोस? तर म्हणे, छुट्टी." त्यांनी कंगवा खाली ठेवला. "तिकडे हा शब्द बोर्डावरच राहतो बिचारा. घरात कोणी घेत नाही."

मी हसले नाही. "अण्णा, डॉक्टर म्हणतात मुंबईला ऑपरेशन होऊ शकतं."

"ऐकलं मी. दार उघडं होतं."

"मग?"

"मी सांगितलंय. घरी जाऊ."

"तसं हरून कसं चालेल?"

"हरायला मी कुठे खेळायला बसलोय, वैजू?"

मी विषय बदलला. पुढचे दोन दिवस मी तेच करत राहिले. विषय काढायचा, बदलायचा, आणि मनातल्या मनात मुंबईच्या मावसभावाला फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले तेव्हा पडद्यापलीकडे गडबड झाली. शिवबसप्पाचं हृदय अशक्त आहे, भूल सोसणार नाही, घरी न्यावं असं डॉक्टर सांगत होते. मग नीलव्वाचा आवाज आला. रडका नव्हता. गिरणीवर उधारी मागायला आलेल्याशी बोलावं तसा ठाम होता.

"ओंदु अवकाश कोडरी, साहेब्रं."

अण्णा ताडकन उठायला गेले. सलाइनची नळी ताणली गेली.

"ओंदे ओंदु," नीलव्वा म्हणाली. फक्त एक.

डॉक्टर म्हणाले, भूलतज्ज्ञांशी बोलतो. शब्द देत नाही.

ते गेल्यावर अण्णांनी पडदा सरकवायला सांगितला. त्यांचं बालपण म्हैसाळला गेलेलं, कानडी त्यांना घरच्यासारखी यायची. "नीलव्वा, आत्ता काय म्हणालात ते परत म्हणा."

"अय्यो, का हो?"

"म्हणा तर."

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, कावीळ डोक्यात गेली. "तुमचं बी बोलू काय डाक्टरला?" तिने मराठीत विचारलं.

"नको, नको. फक्त वाक्य."

तिने शाळेत पाठ म्हणावा तसं ते वाक्य पुन्हा म्हटलं. अण्णांनी मला लिहायला लावलं. एक संधी द्या. कोण: नीलव्वा. कोणाला: डॉक्टरांना. केव्हा: नवऱ्याला घरी न्या म्हटल्यावर. मग तिने डबा उघडून आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. अण्णांना तिखट बंद होतं. त्यांनी चटणीचा नुसता वास घेतला.

मला मुद्दा सापडला होता. जेवण झाल्यावर मी म्हणाले, "बघा. ती बाई शाळेत गेलेली नाही, पण एक संधी मागितली तिनं. आणि आपल्याला तर डॉक्टर आपण होऊन देतायत."

"कोणी मागितली?"

"नीलव्वानं."

"शिवबसप्पानं मागितली का?"

अण्णांनी पडद्याकडे तोंड करून कानडीत हाक मारली. "यजमान, तुम्हाला काय वाटतं?"

शिवबसप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. त्याचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. पलीकडून खोल, पिठासारखा मऊ आवाज आला, "आकि केळ्याळ. आगली."

अण्णा उशीवर टेकले.

"काय म्हणाले?"

"ती मागतेय. होऊ दे."

त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं नाही. त्यात अवकाश हा शब्द नव्हता. पण नंतर बराच वेळ ते छताकडे बघत होते, आणि कंगवा हातात तसाच राहिला होता.

शनिवारी सकाळी शिवबसप्पाला नेलं. नीलव्वा दारात बसून राहिली. मी तिला चहा आणून दिला, तिने तो प्यायचं सोडून दोन्ही हातांत धरून ठेवला. दुपार कलली तेव्हा स्ट्रेचर परत आलं. तो जिवंत होता. तोंडात काहीतरी पुटपुटत होता. नीलव्वाने त्याच्या ओठांजवळ कान नेला आणि एकदम ओरडली, "गिरणीचा पट्टा बदलला काय विचारत्यात!" खोलीतले आम्ही सगळे हसलो. तिने मला, अण्णांना आणि झाडूवाल्या मावशींना साखर वाटली.

माझ्या जिभेवर ती साखर अजून होती तोवरच मी बोलले.

"अण्णा, बघितलंत? झालं की नाही?"

"बघितलं. फार बरं वाटलं."

"मग आता तरी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता. "वैजू, शिवबसप्पाजवळ नीलव्वानं मागितलं, त्यानं दिलं. तूही माग. मी जाईन मुंबईला."

मला वाटलं, जिंकले. पुढच्याच क्षणी कळलं की नाही.

"डॉक्टर म्हणतात की..."

"डॉक्टरांचं वाक्य डॉक्टरांपाशी. तू काय म्हणतेस?"

"प्रयत्न करून बघावा असं कोणालाही वाटेल."

"'कोणालाही' हे कोणाचं नाव?"

"अण्णा, आत्तासुद्धा कोश?"

"मी दुसरं काही शिकलेलोच नाही ग." ते हसले. "तुझं वाक्य सांग. मला उद्देशून. आज. मग तू म्हणशील ते."

मी तोंड उघडलं. 'अण्णा, माझ्यासाठी ऑपरेशन करून घ्या.' एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द साधे होते, ओळीने समोर उभे होते. पण ते बोलायचे म्हणजे त्यांच्या पिवळ्या, खाजवून सोलून निघालेल्या पायांकडे बघत बोलायचे. मी नळीतले थेंब मोजल्यासारखं करत बसले.

तेवढ्यात सिस्टर अलेयम्मा थर्मामीटर घेऊन आली. तिने ते अण्णांच्या काखेत ठेवलं, घड्याळ बघितलं, आणि जायच्या ऐवजी स्टूल ओढून बसली. ड्यूटीवर बसलेलं मी तिला प्रथमच पाहिलं.

"अप्पच्चा, वाक्य आणलंय तुमचं."

"वा. कोण?"

"मी."

"कोणाला?"

"मोठ्या भावाला."

"केव्हा?"

तिने टोपीखालचे केस आत खोचले. "आमचे अप्पच्चन, म्हणजे वडील, वारले त्यानंतर. होडी चालवायचे. आजारी होते, खूप दिवस. मला भावानं कळवलं नाही. आईला म्हणाला, ती मिरजेला नोकरीला, सांगितलं तर सगळं सोडून येईल, इथे येऊन ती काय करणार? पुरून झाल्यावर तार आली. मी गेले. आगगाडीत रडले नाही, बसमध्ये रडले नाही. घरी पोचले तर भाऊ म्हणाला, आधी जेव. तेव्हा मी बोलले. एनिक्कुम अवकाशमुण्ड्. मला पण हक्क आहे."

"मग?"

"त्याला वाटलं, मी जमीन मागते. त्याचं तोंड एवढंसं झालं. आत जाऊन वहिनीला सांगून आला." ती हसली, नाकाने. "मी म्हटलं, जमीन तुला ठेव. या मिरजेत मी किती म्हाताऱ्यांना अंघोळ घातली, मोजली नाही. माझ्या अप्पच्चनला दुसऱ्यांनी घातली."

पडद्यापलीकडे शिवबसप्पा संथ घोरत होता. नीलव्वा त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. तिला किती समजलं माहीत नाही, पण ती हालली नाही.

मी सवयीने पेन्सिल उचलली. अण्णा म्हणाले, "ते नको लिहू."

सिस्टरला अपमान वाटला. "का, अप्पच्चा? कोण, कोणाला, केव्हा, सगळं सांगितलं मी."

"सगळं सांगितलंत, म्हणूनच. ते कोशात नाही ठेवायचं. तुम्ही मला दुसरं एखादं द्या. साधं. बसमधल्या सीटवरून भांडताना म्हणालात असं."

"बसमध्ये अवकाशम म्हणत नाही," डोळे पुसत सिस्टर म्हणाली. "कोपर मारते."

तिने थर्मामीटर काढलं, बघितलं, झटकलं आणि गेली. किती ताप होता ते लिहायचंही विसरली. मला वाटतं, ती भावाची गोष्ट तिने आधी कधी कोणाला सांगितली नसावी.

अण्णांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. नुसते वाट बघत राहिले. वाक्यासाठी वाट बघणं त्यांना चांगलं येत होतं, त्यांचं आयुष्यच त्यात गेलं होतं.

"अण्णा, मला भीती वाटते," मी म्हणाले.

"हं. कशाची?"

"मुंबईला तुम्हाला आत नेतील. आणि मी बाहेर बाकावर बसलेली असेन. आणि कोणीतरी बाहेर येऊन सांगेल."

"हं."

"मला तसं नको." आता ते थांबेना. "मला तुमची अंघोळ मी घालायचीय. पेज मी करायचीय. तुम्ही चिडलात तर माझ्यावर चिडायला हवं, कुठल्या नर्सवर नको. मला तुम्ही घरी हवे आहात. जेवढे असाल तेवढे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"मीच सांगत होतो की हे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "पण मी सांगितलेलं कसं चालेल? मग तू जन्मभर म्हणाली असतीस, अण्णांनी हट्ट केला."

सोमवारी मी डॉक्टर पाटगावकरांना सांगितलं. त्यांनी समजावलं नाही, शाबासकीही दिली नाही. म्हणाले, "एक नळी टाकून देतो. कावीळ उतरेल, खाज थांबेल. मग न्या." नळीनंतर अण्णांचे डोळे हळूहळू पांढरे झाले आणि त्यांनी तो कंगवा नीलव्वाला देऊन टाकला. निघताना शिवबसप्पा खाटेवर उठून बसला होता. अण्णा त्याच्याशी गिरणीच्या पट्ट्याबद्दल कानडीत बोलले. सिस्टर त्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात होती, भेटली नाही.

घरी आल्यावर आम्ही त्यांची खाट बाहेरच्या खोलीत मांडली, रस्ता दिसेल अशी. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. ते दिवस फार चांगले होते, असं मी कोणाला सांगत नाही, कारण ते कोणाला खरं वाटत नाही. मी त्यांची नखं कापली. मऊ भात आणि मेतकूट. दुपारी मी काहीतरी वाचून दाखवायची आणि ते म्हणायचे, "तुझा हा लेखक आरशात फार बघतो." एकदा आईच्या फोडणीवरून आम्ही खरोखरीचे भांडलो, हिंग आधी की मोहरी, आणि दोन तास बोललो नाही. मग त्यांनीच हाक मारली. "वैजू, हिंग आधी असेल. चल."

लोक भेटायला येत. श्रीपादकाका म्हणजे अण्णांचे शाळूसोबती. त्यांचा आवाज मुळातच भजनात लावलेला, कुजबुजले तरी गल्लीला ऐकू जायचं. त्यांनी दारातच मला गाठलं आणि कुजबुजून विचारलं, "काय ग, किती दिवस म्हणतात डॉक्टर?"

मी काही बोलायच्या आत खोलीतून अण्णांचा आवाज आला.

"अजून अवकाश आहे रे, श्रीपाद. चहा घे आधी."

काका पायरीवरच थिजले. मग त्यांना हसू फुटलं, आणि मग रडू, आणि ते तसेच दोन्ही करत आत जाऊन खाटेवर बसले. मी चहा टाकायला गेले. आधण उकळून गेलं तरी मी तिथेच उभी होते. मग कपबशा बाहेर नेल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते, भुवया उंचावून. मी मान हलवली, म्हणजे ऐकलं. ते कार्ड मी त्यांना दाखवून लिहिलं, आणि त्यांनी 'श्रीपाद'च्या आधीचा 'रे' राहिला म्हणून परत लिहायला लावलं.

ते गेले तेव्हा सकाळ होती. नळाला पाणी आलं होतं, बादलीत धार पडत होती. त्यांनी पाणी मागितलं. मी डोकं हातावर घेऊन चमच्याने पाजलं. दुसरा चमचा ओठांच्या कडेने खाली आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर अलेयम्मा आली. तिला इस्पितळात कोणीतरी सांगितलं होतं. पांढऱ्या कपड्यांशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे निळी सुती साडी नेसलेली ही बाई कोण, असं मला क्षणभर वाटलं. घरात मी एकटीच होते, सकाळची माणसं जेवायला गेली होती. अण्णांना जिथे ठेवलं होतं तिथे भिंतीशी दिवा तेवत होता.

"इथे?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

ती दिव्याजवळ सतरंजीवर बसली. पदर डोक्यावर घेतला, मांडीवर हात ठेवले. तिच्या पद्धतीने प्रार्थना करेल असं मला वाटलं. पण तिचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग आला. मी त्या तीन दिवसांत तशी रडले नव्हते. मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

पाणी घेऊन येते तर दारात गोदूआत्या. म्हैसाळची, अण्णांची चुलतबहीण. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांत मोतीबिंदू, एसटीने एकटी आलेली. मला तिने शेवटचं पाहिलं ते आईच्या वेळी. ती काठी टेकत आत आली आणि दिव्याशी रडत बसलेल्या बाईजवळ चाचपडत बसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वैजू ना ग? रड बाई, रड. बाप तो बापच."

सिस्टरने मान वर केली. तिने आत्याकडे पाहिलं, मग आत्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. काहीतरी सांगायला तिचे ओठ उघडले होते.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबले. मान नाही अशी हलवली.

"शेवटी जवळ होतीस ना?" आत्याने विचारलं.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. "होते," ती म्हणाली. आवाज रडून पार बसला होता. "जवळच होते."

"पाणी पाजलंस?"

"पाजलं."

"अंघोळ?"

"मीच घातली."

"मग झालं," आत्या म्हणाली. "आणखी काय देणं असतं बापाचं लेकीवर?" तिने सिस्टरचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिली, लहान मूल निजवावं तसं.

मी तांब्या त्यांच्याजवळ आवाज न करता ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. शेजारून आलेला पिठलं-भात झाकून ठेवलेला होता. तो दोघींसाठी वाढायला घेतला.